ब्रूनोचं पाणी आधी मोजा, थायरॉइडचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका ताईंकडे नऊ वर्षांचा लॅब्राडोर आहे, ब्रूनो, वजन ३८ किलो. पाच-सहा महिन्यांपासून तो खूप पाणी पितो, रात्री घरातच लघवी करतो, सारखा खायला मागतो. पोट सुटलंय, दोन्ही कुशींवरचे केस विरळ झालेत. रक्ततपासणीत थायरॉइडचा टी-४ आला १.६, शेजारी ठळक अक्षरात 'लो'. त्यावर एका डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी चालू केली. दुसऱ्या डॉक्टरांनी कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड हार्मोन जास्त झाल्याचा आजार, असेल म्हटलं. शेजारचे काका म्हणतात, वय झालं त्याचं. लिव्हरच्या तपासणीत एएलपी हे एन्झाइम ९४० आहे. आईच्या शुगरच्या मशीनवर साखर १०४ दाखवली. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून खाजेसाठी साधारण दर महिन्याला एक इंजेक्शन आणि अधूनमधून कानात ड्रॉप्स चालू आहेत. रात्रीपुरतं पाण्याचं भांडं उचलून ठेवलं तर चालेल का, असंही त्यांनी विचारलंय. शिवाय देवासला बहिणीकडे म्हातारं मांजर आणि ऑपरेशन न केलेली पॉमेरेनियन मादी आहे, त्यांच्यात कशाकडे लक्ष ठेवायचं?

ताई, पाण्याचं भांडं उचलू नका. आजच नाही, कधीच नाही. ब्रूनो जास्त पाणी पितो म्हणून जास्त लघवी करतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक आजारांत ते उलट असतं: मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, लघवी वाहून जाते, आणि ती भरून काढायला तो पितो. भांडं उचललं तरी लघवी थांबत नाही, फक्त कुत्रा कोरडा पडतो. मधुमेहाच्या किंवा किडनीच्या कुत्र्याला अशी एक रात्र सलाइनपर्यंत नेऊ शकते. त्यापेक्षा झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा असं बाहेर नेऊन आणा. फरशी पुसावी लागेल ती लागेल.

आता मुख्य मुद्दा. हार्मोनच्या आजारात रिपोर्टमधल्या एका आकड्यावरून निदान होत नाही. आधी घरातली लक्षणं जुळवायची, त्यावरून एका आजाराचा संशय पक्का करायचा, आणि मग त्या आजाराची तपासणी करायची. उलट क्रमाने गेलं, म्हणजे आधी 'थायरॉइड प्रोफाइल' करून टाकली आणि मग त्यात आजार शोधायला बसलं, की ब्रूनोचं झालं तसं होतं.

पहिलं काम, उद्या सकाळपासून तीन दिवस पाणी मोजा. एक लिटरची बाटली घ्या, भांड्यात तिच्यातूनच पाणी ओता, किती बाटल्या लागल्या ते लिहा, चोवीस तासांनी भांड्यात उरलेलं वजा करा. अंगणातली बादली, बाथरूममधला टब, गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या थाळ्या, सगळं रिकामं ठेवा. लॅब्राडोर पाणी शोधून काढतोच. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पितो. १०० मिलीच्या वर गेलं तर ते नक्की जास्त. ब्रूनोच्या वजनाला दोन-सव्वादोन लिटर ठीक, ३.८ लिटरच्या पुढे आजार. कोरडं पॅकेटचं खाणारा कुत्रा थोडं जास्त पितो, मे महिन्यात सगळेच पितात, आणि आपल्या इंदुरात सकाळच्या पोह्यांबरोबर ज्या कुत्र्याला मूठभर शेव मिळते तोही पितो. ती शेव या तीन दिवसांत बंद. पुढेही बंदच ठेवा, पण ते निराळं भांडण आहे.

दुसरं काम, सकाळची पहिली लघवी. लांब दांड्याची जुनी पळी स्वच्छ धुऊन ठेवा, ब्रूनोने पाय उचलला की मागून हळूच पुढे करा. दोन-तीन दिवसांत दोघांनाही जमतं. हा नमुना दोन तासांत दवाखान्यात पोहोचवा आणि लघवीची घनता रिफ्रॅक्टोमीटरवर बघायला सांगा. पट्टीवरचा घनतेचा रंग कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचा नसतो. घनता सतत १.०२० च्या खाली असेल तर लघवी खरोखर पातळ आहे. त्याच नमुन्यात साखर नसेल आणि तुमच्या मशीनवरची १०४ ही जेवणानंतरची असेल, तर मधुमेहाचा प्रश्न जवळपास मिटला. कुत्र्याच्या लघवीत साखर उतरायला रक्तातली साखर साधारण १८० ते २२० च्या वर जावी लागते.

आता तो टी-४. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत १.६ च्या शेजारी सामान्य मर्यादा छापली आहे ती ५ ते १२ च्या आसपास. ती माणसाची मर्यादा आहे. तपासणी माणसांच्या लॅबमध्ये झाली, संगणकात माणसाचे आकडे भरलेले, त्यामुळे 'लो' आपोआप छापलं गेलं. कुत्र्यांचा टी-४ मुळातच कमी असतो, बहुतेक लॅबमध्ये साधारण १ ते ४ च्या दरम्यान. म्हणजे ब्रूनोचा १.६ कुत्र्याच्या हिशेबाने मर्यादेच्या आतच आहे. त्याच कागदावर टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) जवळजवळ शून्य दाखवलाय, त्याकडेही बघू नका. माणसाच्या टीएसएचचं किट कुत्र्याचा टीएसएच नीट पकडत नाही. त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. थायरॉइड बघायचीच असेल तर कुत्र्यांसाठी पडताळलेल्या पद्धतीने टी-४, फ्री टी-४ आणि कुत्र्याचा टीएसएच असं एकत्र बघायचं. जनावरांच्या लॅबकडे नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी चालेल. ग्रेहाउंड, सालुकी अशा धावणाऱ्या जातींत तर निरोगी कुत्र्याचाही टी-४ याहून खाली असतो. त्याच अंगकाठीच्या मुधोळचा रिपोर्ट हातात आला की मी दोनदा वाचतो.

आणखी एक. कुठलाही मोठा आजार असला, किंवा फिटची फेनोबार्बिटोन, सल्फाची गोळी किंवा स्टेरॉइड चालू असलं, तरी टी-४ खाली जातो. ब्रूनोला वर्षभर जे इंजेक्शन मिळतंय ते बहुधा स्टेरॉइड आहे. त्याकडे येतोच.

थायरॉइड कमी असलेला कुत्रा दिसतो कसा, ते माहीत असेल तर ब्रूनोचं चित्र त्यात बसत नाही हे तुमच्याही लक्षात येईल. तो मंद होतो, फिरायला नको म्हणतो, खाणं वाढलेलं नसताना वजन वाढतं. केस निस्तेज, शेपटीवरचे आणि गळ्यात पट्टा बसतो तिथले आधी जातात, कापलेल्या जागी परत येत नाहीत. चेहरा जरा सुजल्यासारखा, दुःखी दिसतो. त्वचेचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, रक्तात कोलेस्टेरॉल बहुधा वाढलेलं असतं. तहान मात्र वाढत नाही. भूकही नाही. जानेवारीत इंदूरची रात्र सात-आठ अंशांवर येते तेव्हा हा कुत्रा सकाळी उन्हाच्या तुकड्यात जाऊन पडतो आणि ऊन सरकेल तसा सरकतो. कुशिंगचा कुत्रा त्याच दिवशी मोझॅकच्या गार फरशीवर पाय पसरून, जीभ बाहेर काढून धापा टाकत असतो. घरातल्यांना विचारलं तर हे सांगतात, पण विचारावं लागतं.

खरोखर थायरॉइड कमी असेल तर उपचार सोपा आणि समाधान देणारा. लेव्होथायरॉक्सिन, किलोमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम, सुरुवातीला दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी. हा डोस ऐकून मेडिकलवाले हमखास अडतात. साठ किलोचा माणूस दिवसाला शंभर मायक्रोग्रॅम घेतो आणि तीस किलोचा कुत्रा सहाशे, तेही दोनदा. "भिया, ये तो हाथी का डोज है" हे मी काउंटरवरून फोनवर ऐकलेलं आहे. पण चूक काही नाही. कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषलं जातं आणि शरीरातून लवकर निघून जातं. चार ते आठ आठवड्यांनी, गोळी दिल्यावर चार ते सहा तासांनी रक्त घेऊन डोस ठरवतात. उत्साह पंधरा दिवसांत परत येतो. केसांना तीन-चार महिने लागतात, आणि त्याआधी जुने केस आणखी गळतात. तेव्हा घाबरून गोळी बंद करणारे पुष्कळ भेटतात.

ब्रूनोला ही गोळी माझ्या मते गरजेची नाही, पण ती चालू करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बंद करा. खरी शंका राहिलीच तर बंद केल्यानंतर चार ते सहा आठवडे थांबून मगच पुन्हा तपासा, नाहीतर रिपोर्ट गोळीचा येईल, ब्रूनोचा नाही. आणि एक धोका आहे म्हणून घाई करा असं सांगतोय: ज्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांजवळच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या) दबलेल्या आहेत त्याला थायरॉइडचं औषध दिलं तर शरीर कॉर्टिसॉल आणखी वेगाने वापरून टाकतं आणि कुत्रा अचानक कोसळू शकतो.

अ‍ॅड्रिनल दबल्या कशाने असतील? त्या इंजेक्शनाने. ब्रूनोचं कार्ड काढा आणि दर महिन्याच्या नोंदीत काय लिहिलंय ते वाचा. ट्रायअ‍ॅम्सिनोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, यांतलं काहीही असेल तर ते स्टेरॉइड. कानाच्या ड्रॉप्समध्ये आणि खाजेच्या मलमातही असतं. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. यातली काही डेपो इंजेक्शनं आठवडेच्या आठवडे अंगात राहतात. बाहेरून एवढं मिळत गेलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, पण कुत्रा दिसतो मात्र कुशिंगसारखाच: तहान, लघवी, भूक, धाप, ढोल पोट, दोन्ही बाजूंना सारखे जाणारे केस. आपल्याकडे पावसाळ्यात खाज, गोचीड, कानाचा त्रास इतका असतो की महिन्याच्या इंजेक्शनाची सवय घरालाही लागते आणि दवाखान्यालाही. इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी कुत्रा शांत झोपतो, सगळे खूश. स्वतःहून होणाऱ्या कुशिंगपेक्षा हा औषधाचा कुशिंग माझ्यापुढे जास्त येतो.

दोन्हीतला फरक बाहेरून बघून कळत नाही. घरी एक पाहता येतं: ब्रूनोला उताणा झोपवा आणि पोटावरची कातडी दोन बोटांत धरा. कुशिंगमध्ये ती पतंगाच्या कागदाइतकी पातळ लागते, खालच्या निळ्या शिरा दिसतात, काळे ठिपके दिसतात, चिमटा सोडल्यावर घडी मोडायला वेळ घेते. पाठीवर किंवा जांघेत खडूसारखे कडक चट्टे असतील तर ते कॅल्शियम साचलेलं असतं, तेही याच आजाराचं. पण हे सगळं दोन्ही प्रकारांत येतं. ९४० चा एएलपीही दोन्हींत येतो. कुत्र्यांच्या लिव्हरमध्ये स्टेरॉइडमुळे वाढणारा या एन्झाइमचा एक खास प्रकार असतो. त्यामुळे हा आकडा बघून लिव्हर टॉनिकची बाटली घरी आणायचं कारण नाही.

फरक कळतो तो एसीटीएच उत्तेजन चाचणीत. एसीटीएच म्हणजे या ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हार्मोन. आधी रक्त घेऊन कॉर्टिसॉल बघतात, मग एसीटीएचचं इंजेक्शन, आणि ठरलेल्या वेळेनंतर पुन्हा कॉर्टिसॉल. औषधाच्या कुशिंगमध्ये दोन्ही वेळेला आकडा खालीच राहतो, कारण ग्रंथी झोपलेल्या असतात. खऱ्या कुशिंगमध्ये तो उसळतो, किंवा निदान बऱ्यापैकी वर जातो. प्रेडनिसोलोनची गोळी चालू असेल तर चाचणीआधी किती वेळ थांबायचं ते डॉक्टर सांगतील, कारण काही तपासण्यांत प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. एसीटीएच औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, आधी मागवून ठेवावं लागतं, म्हणून वेळ ठरवताना विचारून घ्या. इंदुरात जमलं नाही तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे, १९५५ पासूनचं. तिथे विचारायला काय हरकत आहे.

चाचणी खाली आली, म्हणजे औषधाचा कुशिंग ठरला, तर उपचार म्हणजे स्टेरॉइड हळूहळू काढून घेणं. एकदम बंद करायचं नाही, हे ठळक करून लिहून ठेवा. ब्रूनोच्या शरीराकडे आत्ता स्वतःचं पुरेसं कॉर्टिसॉल नसेल तर अचानक बंद केल्यावर उलट्या, जुलाब, लटपटणं, आणि नंतर शॉक. म्हणून तोंडाने प्रेडनिसोलोनची छोटी मात्रा देत, आठवड्या-आठवड्याने कमी करत, दिवसाआड करत आणायचं. याला दोन-तीन महिने सहज लागतात. त्या काळात खाज परत येईल, तेव्हा तिचं कारण शोधावं लागेल: गोचिडांचं औषध वेळेवर, यीस्टसाठी औषधी शॅम्पूची आंघोळ, आहार बदलून पाहणं, आणि गरज लागली तर ऑक्लासिटिनिबसारखं स्टेरॉइड नसलेलं औषध. महाग पडतं, खरंय. पण वर्षभराची इंजेक्शनं, टॉनिकं आणि हे सगळे रिपोर्ट मिळून स्वस्त पडलेलं नाही.

चाचणीने खरा कुशिंग ठरला तर गोष्ट वेगळी. त्यातल्या ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत मेंदूखालच्या पिट्युटरीत बारीक गाठ असते, बाकीच्यांत अ‍ॅड्रिनलमध्ये. कोणती ते बघायला पोटाची सोनोग्राफी लागते आणि डेक्सामेथासोनची आठ तासांची चाचणी उपयोगी पडते. त्या दिवशी कुत्र्याला शांत कोपऱ्यात ठेवा, समोरच्या पिंजऱ्यात भुंकणारा शेजारी नको. नुसता संशय काढून टाकायचा असेल तर घरी घेतलेल्या सकाळच्या लघवीतलं कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण बघतात; ते सामान्य आलं तर कुशिंग बहुधा नाही. वाढलेलं आलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, ताणानेही वाढतं. उपचार ट्रायलोस्टेन, नेहमी जेवणाबरोबर. दहा ते चौदा दिवसांनी, मग महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी पुन्हा एसीटीएच चाचणी. कुत्रा खाईना, उलटी केली, सुस्त पडला, तर पुढची कॅप्सूल न देता फोन करायचा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या कॅप्सूलला हात लावू नये. आणि लघवीचं कल्चर एकदा कराच. कॉर्टिसॉल जळजळ दाबून टाकतं, त्यामुळे मूत्राशयात संसर्ग असला तरी कुत्रा तक्रार करत नाही.

आता देवासची पॉमेरेनियन. ऑपरेशन न झालेली मादी माज येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत जास्त पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, पोट फुगलं, तर हार्मोनच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी सोनोग्राफी. गर्भाशयात पू भरलेला असू शकतो, आणि बाहेरून स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर थेंब दिसत नाही आणि तोच प्रकार जास्त जीवघेणा. इथे उद्यापर्यंत थांबायचं नाही.

तोच काळ मधुमेहाचाही असतो. माजानंतर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे स्तनग्रंथींतून ग्रोथ हार्मोन सुटतं आणि ते इन्सुलिनला काम करू देत नाही. भरपूर खाते, भरपूर पिते, तरी वाळत चालली, असं दिसलं की साखर बघायची. अशा मादीची तब्येत स्थिर झाली की गर्भाशय-अंडाशय काढणं हा उपचाराचाच भाग आहे. लवकर केलं तर कधी इन्सुलिन सुटतंही, उशीर केला तर साखर ताब्यात येत नाही. कुत्र्यांचा मधुमेह जवळपास नेहमी इन्सुलिनवरच चालतो. आजोबांची मेटफॉर्मिन अर्धी करून देऊ नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगतोय. ज्या इन्सुलिनवर आज माणसं जगतात त्याचा पहिला अर्क १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवरच वापरून पाहिला होता. त्यामुळे कुत्र्याला इन्सुलिन टोचायचं म्हटल्यावर घरचे दचकतात तेव्हा मला गंमत वाटते.

सुईची भीती चार दिवसांत जाते. चूक होते ती सिरिंजमध्ये. आपल्याकडच्या बऱ्याच इन्सुलिनच्या बाटल्या एक मिलीत ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधली आणि काही बाटल्यांतली १०० युनिटची, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. शंभरची बाटली चाळीसच्या सिरिंजने भरली तर अडीचपट डोस गेला. मेडिकलमधून घेताना बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडा जुळवून बघा, दुकानदार ओळखीचा असला तरी. आधी खाऊ घालायचं, मग टोचायचं, रोज बारा तासांच्या अंतराने, तेच अन्न तेवढंच. खाल्लं नाही तर पूर्ण डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही, बर्फाजवळ तर अजिबात नाही. दुधाळ इन्सुलिन हलवायचं नाही, तळहातांत हळू फिरवायचं. लटपटली, एकटक बघायला लागली, फिट आली, तर साखर ६० च्या खाली गेली असं समजून हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि निघा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. मोतीबिंदू बहुतेक मधुमेही कुत्र्यांना वर्षभराच्या आसपास होतोच. नीट सांभाळूनही होतो, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

मांजराचं गणित थोडं निराळं. दवाखान्याच्या पिशवीत घातल्याच्या रागानेच त्याची साखर तीनशेवर जाऊ शकते, म्हणून एका आकड्यावर मधुमेह ठरवत नाहीत. मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारं फ्रुक्टोसामिन बघतात, किंवा घरी बसवलेल्या लघवीच्या ट्रेमधून साखर. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालणारं मांजर दिसलं तर मधुमेह आधी आठवा. लठ्ठ नर मांजरांत जास्त. यांच्यात आनंदाची गोष्ट अशी की लवकर इन्सुलिन, प्रथिनं जास्त आणि पिष्टमय कमी असा आहार ठेवला तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतं. म्हणजे दूध-पोळी बंद. बहिणीला हे तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर वाईट वाटेल.

आणि दहाच्या पुढचं मांजर खूप खातंय, तरी वाळतंय, रात्री ओरडत फिरतंय, उलट्या करतंय, तर थायरॉइड जास्त झालेला असू शकतो. कुत्र्याच्या बरोबर उलट. मांजरांत हा आजार १९७९ मध्ये पहिल्यांदा वर्णन केला गेला, त्यामुळे जुन्या पिढीच्या शिक्षणात तो नव्हताच. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येत नाहीत इतके पळतात. माणसांसाठी मिळणाऱ्या कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोलवरच उपचार होतो, पण आधी आणि महिन्याभराने किडनी तपासायची. जास्तीच्या थायरॉइडने किडनीचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. तो उतरल्यावर दबलेला किडनीचा आजार वर येतो.

एक आजार राहिला, अ‍ॅडिसनचा, ज्यात अ‍ॅड्रिनल स्वतःच निकामी होतात. चार-पाच वर्षांची मादी, दोन महिने ठीक, मग उलट्या-जुलाब, सलाइन लावलं की उभी राहते, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी 'काहीतरी खाल्लं असेल' असं म्हणून सुटते. अशा कुत्रीचं सोडियम-पोटॅशियम एकदा बघा. दोघांचं गुणोत्तर २७ च्या खाली असेल, किंवा इतकी आजारी असून ठोके मंद असतील, तर संशय घ्या. साधं कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर हा आजार जवळपास नाही म्हणता येतं. निदान झालं की फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि थोडं प्रेडनिसोलोन यावर कुत्री आयुष्यभर छान राहते.

ब्रूनोसाठी आता क्रम असा: तीन दिवस पाण्याची नोंद, सकाळची लघवी, इंजेक्शनांचं कार्ड, आणि या तिन्ही गोष्टी घेऊन एकाच डॉक्टरांकडे. दोघांकडे अर्धं अर्धं नको. पुढचं इंजेक्शन घ्यायची तारीख आली असेल तर ते घेण्याआधी हे सगळं दाखवा, आणि स्वतःच्या मनाने टाळूही नका. वजन दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर. वाणी ओळखीचा असेल तर गोदामातला काटाही चालतो. स्टेरॉइड कमी करायचं ठरलं तर ते दिवाळीच्या आठवड्यात कमी करू नका. फटाक्यांच्या ताणात निरोगी कुत्र्याचं शरीर जास्त कॉर्टिसॉल सोडतं, ब्रूनोचं सोडू शकणार नाही. त्या चार-पाच दिवसांत मात्रा तीच ठेवायची की थोडी वाढवायची ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, कारण लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन लागत नाहीत.